घरातील लाकूड : रंग की रोगण?

दसरा-दिवाळीच्या आधी घरोघर रंगारी येतो. भिंतींचा प्रश्न फारसा अवघड नसतो. कोणता रंग, किती हात, ओल कोठे आली आहे, एवढे ठरले की काम सुरू होते. मग केव्हा तरी रंगारी दाराकडे बोट दाखवतो आणि सहज विचारतो, ‘‘यालाही मारून टाकायचा का?’’ घरातील माणसे डबे-भांडी हलवण्याच्या गडबडीत असतात. कोणीतरी ‘हो’ म्हणून जाते, आणि दोन दिवसांत आजोबांच्या वेळचे सागवानी दार भिंतीला जुळणाऱ्या पिस्ता रंगाखाली नाहीसे होते. उत्तर द्यायला एक क्षण लागला. ते निभावायचे मात्र पुढच्या दोन पिढ्यांना.

भिंतीचा रंग आणि लाकडाचा रंग या दोन गोष्टी सारख्या दिसत असल्या तरी सारख्या नाहीत. भिंतीचा रंग चुकला तर पुढच्या दिवाळीला दुसरा देता येतो. लाकडाचे तसे नाही. लाकूड म्हणजे अगणित सूक्ष्म नळ्यांची मोळी. झाड उभे असताना त्या नळ्यांतून पाणी वर चढत असे. झाड पडल्यावर त्याच नळ्या तेल, रंग आणि रोगण पिऊन घेतात. सागासारख्या लाकडात तर ही छिद्रे नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढी मोठी असतात. त्यांत एकदा तैलरंग बसला की वरचा थर खरवडून काढला तरी आतला रंग जात नाही. रेषेरेषेत पांढरे-हिरवे कण राहतात आणि ते काढायचे तर लाकूडच रंधून काढावे लागते. कोरीवकाम असेल, तर तेही शक्य नसते.

उलट ज्या लाकडाला आज पॉलिश दिले आहे, त्याला उद्या रंग देता येतो. थोडे घासले, अस्तराचा हात दिला, की काम झाले. म्हणजे या दोन वाटा समान नाहीत. पॉलिशकडून रंगाकडे जाणारी वाट सदैव मोकळी आहे. रंगाकडून पॉलिशकडे येणारी वाट काट्यांची, खर्चाची आणि कित्येकदा बंदच असते. या साऱ्या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. जेथे मनाचा निश्चय होत नसेल तेथे परतीची वाट ज्या बाजूला आहे ती बाजू धरावी.

याचा अर्थ लाकडाला रंग देणे हा अपराध आहे, असा मुळीच नाही. भारतात दोन्ही परंपरा तितक्याच जुन्या आणि तितक्याच प्रतिष्ठित आहेत. पुण्याच्या विश्रामबाग वाड्याचा कोरीव लाकडी दर्शनी भाग किंवा पेशवाईतल्या वाड्यांचे सुरूच्या आकाराचे खांब आठवावेत. तेथे सागाची घडण आणि त्याचा वर्ण हेच अलंकार आहेत. दक्षिणेत कन्याकुमारी जिल्ह्यातील पद्मनाभपुरमच्या राजवाड्यातही कोरीव छतांचा डौल लाकडाच्या मूळ रूपावरच उभा आहे. याउलट लडाखच्या गोंपांत पाहावे. त्या उजाड प्रदेशात मोठे वृक्ष दुर्मिळ. बांधकामाला मिळतात ती बहुधा पॉप्लर आणि विलोची साधी, फिकी लाकडे. तेथील कारागिरांनी त्यांच्यावर लाल, निळ्या, पिवळ्या रंगांचा असा उत्सव मांडला की लाकूड कोणते, हा प्रश्नच पाहणाऱ्याच्या मनात येत नाही.

घरच्या जवळचे उदाहरण सावंतवाडीचे. तेथील रंगीत फळे आणि खेळणी पांगाऱ्याच्या लाकडाची करण्याची प्रथा आहे. पांगारा हलका, मऊ आणि वर्णाने फिका. त्याला दाखवण्यासारखी रेषा नाही, पण रंग धरण्याचा गुण आहे. सावंतवाडीच्या चितारी मंडळींनी त्याचे उणेपण ओळखून त्याला रंगाचे वस्त्र दिले. मात्र हा नियमही सरसकट लावता येत नाही. बडोद्याच्या मराठी मंडळींना परिचित असलेले संखेड्याचे झोपाळे आणि खुर्च्या सागाच्याच असतात; तरी त्यांच्यावर लाखेची तांबडी आणि सोनेरी नक्षी चढते. मात्र तेथे रंग हा घाईघाईने मारलेला हात नसून स्वतःच एक कला आहे. तात्पर्य, परंपरेचा कौल ‘रंग देऊ नका’ असा नाही. रंग विचारपूर्वक द्यावा, एवढाच आहे.

तेव्हा पहिला प्रश्न लाकडालाच विचारावा : बाबा रे, तू कोण? साग असेल तर त्याच्या पिवळसर-तपकिरी अंगावर गडद रेषा दिसतील आणि ताज्या कापाला चामड्यासारखा वास येईल. शिसव असेल तर गर्द, जवळजवळ काळपट वर्ण आढळेल. कोकणात आणि गोव्यात दारे-खिडक्यांना फणसाचे लाकूड पुष्कळ वापरले गेले. ते नवे असताना हळदीसारखे पिवळे असते आणि वर्षानुवर्षे उजेड खात गडद तांबूस होत जाते. अशी लाकडे घराच्या आत, कोरड्या जागी असतील, तर त्यांना झाकण्याचे कारण सहसा नसते. याउलट पॅकिंगच्या देवदारी खोक्याच्या फळ्या, आंब्याचे ठिगळ लावलेली चौकट, वेगवेगळ्या झाडांच्या तुकड्यांची जोडाजोड केलेले फडताळ यांना रंगच शोभतो. तेथे पॉलिशचा आग्रह धरला तर लाकडाचे सौंदर्य दिसण्याऐवजी त्याची ठिगळे उघडी पडतात.

या ठिकाणी छटेचा, म्हणजे बाजारात ज्याला ‘स्टेन’ म्हणतात त्याचा, विचार करायला हवा. रंग लाकडावर बसतो. छटा लाकडात मुरते. त्यामुळे रेषा दिसत राहते, फक्त तिचा वर्ण बदलतो. फिक्या लाकडाला शिसवीचा किंवा जुन्या सागाचा भास द्यायचा तर हाच मार्ग. पण छटा ही गुण जसे उठवून दाखवते तसे दोषही दाखवते. खिळ्याच्या भोकात भरलेली लांबी छटा लाकडाप्रमाणे पीत नाही, म्हणून तेथे ठिपके उमटतात. देवदारी फळी छटा सारखी शोषत नाही. कोठे गर्द, कोठे फिकट असे डाग पडतात. नव्या लाकडाचा तुकडा आणि जुनी चौकट यांना एकच छटा दिली तरी दोघे वेगवेगळे दिसतात. म्हणून छटेची परीक्षा दुकानातील नमुन्यावर न करता त्याच दाराच्या आडबाजूला, बिजागरीच्या कडेला करावी आणि ती वाळल्यावर दिवसाच्या उजेडात पाहावी.

दुसरा प्रश्न जागेचा. ऊन, पाऊस, धूर आणि हात हे लाकडाचे चार नित्याचे पाहुणे आहेत. पैकी ऊन सर्वांत उधळ्या स्वभावाचे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण लाकडाचे तंतू एकत्र धरून ठेवणाऱ्या द्रव्याचा नाश करतात. पारदर्शक रोगण हे किरण पुरते अडवू शकत नाही. वरचा थर शाबूत दिसतो, पण त्याखालचे लाकूड सुटे होते आणि मग रोगणाचे पापुद्रे निघू लागतात. रंगातील भुकटी मात्र ऊन पार होऊ देत नाही. म्हणून पश्चिमेच्या उन्हात आणि पावसाच्या माऱ्यात असलेली खिडकी, अंगणाचे फाटक, गच्चीचे दार यांना रंग हे खरे संरक्षण आहे. उन्हापावसातील दाराला चकचकीत रोगण देणारा गृहस्थ थोड्याच वर्षांत पुन्हा काचकागद घेऊन बसतो. सागाच्या बाबतीत आणखी एक मध्यम मार्ग आहे. वर्षाकाठी एकदा तेलाचा हात द्यावा आणि त्याच्या अंगावर येणारी रुपेरी करडी झाक वार्धक्याची शोभा म्हणून स्वीकारावी. ती झाक केवळ पृष्ठभागावर असते; आतला साग जसाच्या तसा असतो.

पावसाळ्यात दारे फुगतात, घट्ट बसतात आणि घरातील धाकट्या मंडळींना ती लाथेने उघडण्याची संधी मिळते. हवेतील ओल लाकूड शोषून घेते, ते रुंदीत फुगते आणि लांबीत जवळजवळ बदलत नाही. रंग असो वा रोगण, दोन्ही ही ओल मंदावतात; पुरती थांबवत नाहीत. मात्र येथे एक गोष्ट हटकून विसरली जाते. दाराच्या दोन्ही अंगांना थाटात रंग दिला जातो आणि वरची व खालची कड कोरीच राहते. वास्तविक दाराचे उभे लाकूड तेथेच कापलेले असते, त्याच्या नळ्यांची तोंडे तेथेच उघडी असतात. न्हाणीघराचे दार खालून कुजते ते याच कारणाने. त्याचप्रमाणे दाराच्या एकाच अंगाला जाड थर दिला आणि दुसरे कोरे ठेवले, तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या मानाने फुगतात आणि दार वाकते. रंग की रोगण, हा वाद घालणाऱ्यांनी निदान या दोन बाबतींत तरी एकमत करावे.

माजघराचे दार, जिन्याचा कठडा, झोपाळा, देव्हारा ही घराच्या आतली, हाताच्या नित्य स्पर्शातली लाकडे. कठड्याला तैलरंग दिला तर हाताच्या घर्षणाने तो वळणावर झिजतो आणि खालचे लाकूड ठिपक्याठिपक्यांनी डोकावू लागते. तेल दिलेला किंवा पॉलिश केलेला कठडा मात्र हात लागून लागून अधिकच तुळतुळीत होतो. स्वयंपाकघरात प्रकार उलटा. तेथे तुपा-तेलाचा धूर बसतो, दारे पुन्हापुन्हा पुसावी लागतात. अशा ठिकाणी साबणाच्या पाण्याने धुता येणारा रंग किंवा आधुनिक टणक रोगण गृहिणीचे श्रम वाचवते. घराचे सौंदर्य ठरवताना ते कोणाच्या हातांनी टिकायचे आहे, याचा विचार आधी झाला पाहिजे.

पॉलिश या शब्दाखाली बाजारात अनेक वस्तू येतात. त्यांतील सर्वांत जुनी आणि सर्वस्वी या भूमीची वस्तू म्हणजे लाख. पळस, कुसुम आणि बोर या झाडांच्या फांद्यांवर एक इवला कीटक राळेसारखे द्रव्य स्रवतो. ते शुद्ध करून त्याचा चपडा तयार होतो. झारखंड हे लाखेच्या उत्पादनातील अग्रगण्य राज्य असून रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली लाखेच्या संशोधनासाठी संस्थाही स्थापन झाली. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने त्याचे पातळ थर लाकडावर चढवत गेले, की लाकडात दिवा लावल्यासारखी झळाळी येते. लोक तिला फ्रेंच पॉलिश म्हणतात. पण तिच्यातील लाख या देशाची.

या पॉलिशचा स्वभाव नाजूक आहे. पाण्याचा तांब्या ठेवला तर पांढरे वर्तुळ उमटते. गरम पातेले ठेवले तर ते चिकटते. स्पिरिट सांडले तर सारेच विरघळते. परंतु याच दुबळेपणात त्याचा मोठा गुणही आहे. बिघडलेला भाग त्याच द्रव्याने मऊ करून पुन्हा सारखा करता येतो. सबंध दार खरवडावे लागत नाही. आजची मेलामाईन किंवा पीयू नावाची रोगणे पाण्याला आणि उष्णतेला कितीतरी पटींनी अधिक टिकतात; पण त्यांच्यावर खोल चरा पडला तर तेवढाच भाग बेमालूम दुरुस्त करणे कठीण जाते. म्हणून देव्हारा, पेटी आणि आजीचे कपाट यांना लाख. जेवणाच्या मेजाला टणक रोगण. अशी वाटणी करणारे कारागीर शहाणे समजावेत.

जवसाच्या उकळलेल्या तेलाचा, रंगाऱ्यांच्या भाषेत बेलतेलाचा, हात हा आणखी साधा उपाय. मात्र येथे एक सावधगिरी अवश्य पाळावी. या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर तेल वाळताना निर्माण होणारी उष्णता आत कोंडून त्या आपोआप पेट घेऊ शकतात. अशा चिंध्या उघड्यावर सुट्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

आता तिसरा आणि सर्वांत गंभीर प्रश्न. जे लाकूड पूर्वीच रंगवलेले आहे, त्याचे काय करावे? जुन्या वाड्याचे दार एखाद्याच्या वाट्याला येते. त्यावर पाच-सहा रंगांचे थर असतात. आतला साग पुन्हा पाहावा, अशी ओढ मनात उत्पन्न होते आणि सुटीच्या दिवशी गृहस्थ काचकागद घेऊन ओसरीवर बसतो. मुले भोवती जमतात. येथेच थांबायला हवे. पूर्वीचे रंगारी अस्तरासाठी सफेदा आणि शेंदूर वापरीत. त्यातूनच लाकडाचे ते ओळखीचे गुलाबी अस्तर तयार होई. सफेदा आणि शेंदूर ही दोन्ही शिशाची संयुगे आहेत. नंतरच्या काळातील अनेक पिवळ्या, नारिंगी आणि हिरव्या तैलरंगांतही शिसे असे. भारत सरकारने घरगुती रंगांतील शिशावर २०१६ साली नियम केला. १ नोव्हेंबर २०१७ पासून अशा रंगांत दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसे असण्यास मनाई आहे. त्यापूर्वी दिलेल्या रंगाविषयी मात्र कोणी हमी देऊ शकत नाही.

दारावर घट्ट बसलेला जुना रंग सहसा कोणाला इजा करत नाही. तो कोरडा घासला की त्याची धूळ होते. ती धूळ जमिनीवर, अंथरुणावर, मुलांच्या बोटांवर बसते आणि बोटांवरून तोंडात जाते. वाढत्या मुलाच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि तो पुसून टाकता येत नाही. निरुपद्रवी म्हणता येईल असे शिशाचे प्रमाण आजवर ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. दिव्याच्या ज्योतीने रंग जाळून काढणे तर याहून वाईट. त्यातून विषारी वाफ निघते. तेव्हा लहान मुले किंवा गर्भवती स्त्री असलेल्या घरात जुना रंग शाबूत असेल, तर त्यावरच हलक्या हाताने, ओल्या काचकागदाने थोडी खर करून नवा रंग द्यावा हेच इष्ट. काढणे अगत्याचेच असेल तर दार बिजागरीतून सोडवून घराबाहेर न्यावे, रंग मऊ करणारे द्रव्य वापरून तो ओलाच खरवडावा, कचरा प्लास्टिकच्या कागदावर धरावा आणि जागा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. काम करणाऱ्या माणसाच्या नाकातोंडावर योग्य मुखपट्टी असावी, तो मजूर असला तरीही.

रंग काढण्यासाठी काही ठिकाणी कॉस्टिक सोडा वापरतात. त्याने रंग निघतो खरा. पण साग काळवंडतो, आणि सोड्याचा अंश आत राहिला तर पुढचे पॉलिशही नीट धरत नाही. दार सुंदर करण्यासाठी निघालेला माणूस दाराचे आयुष्य कमी करून बसतो.

कित्येकदा तर रंग किंवा रोगण यांपैकी कशाचीच गरज नसते. देवघराचे दार काळे दिसते ते उदबत्तीच्या आणि निरांजनाच्या काजळीने. मूळ लाकूड खालीच असते. कोमट पाण्यात किंचित सौम्य साबण घालून, घट्ट पिळलेल्या फडक्याने एक कोपरा पुसून पाहावा. नंतर आडबाजूला स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस क्षणभर टेकवावा. चिकटपणा आला तर वर लाखेचे पॉलिश आहे असे समजावे. मग तेच पुन्हा उजळता येते. पाण्याचा थेंब टाकावा. तो मुरला तर लाकूड उघडे आहे, मोत्यासारखा उभा राहिला तर वर काही थर आहे. या परीक्षांना पाच मिनिटे लागतात आणि त्या अनेक वर्षांचा पश्चात्ताप वाचवतात.

त्याच वेळी चौकटीच्या तळाशी बारीक भुसा पडला आहे काय, लाकडावर बोट वाजवले असता पोकळ आवाज येतो काय, हेही पाहावे. वाळवी जमिनीतून आणि भिंतीतून येते; वरचा रंग किंवा पॉलिश तिला अडवत नाही. जाड तैलरंगाखाली तिचे काम अधिक काळ लपून राहते, एवढेच. चौकट आतून खाल्ली गेली असताना वरून तिला रंग देणे म्हणजे आजारी माणसाला नवे धोतर नेसवून बसवणे होय. आधी दुरुस्ती, मग शोभा.

आजच्या शहरी सदनिकांत अखंड लाकडाचे दार विरळा. फ्लश दारावर चिकटवलेले सागाचे पातर इतके पातळ असते की, जोराने घासले तर खालचे प्लाय दिसू लागते. अशा दाराला एकदा रंग दिला की परत फिरणे नाहीच. म्हणून तेथे निर्णय अधिक जपून घ्यावा. साध्या प्लायच्या किंवा लाकडाच्या भुश्यापासून केलेल्या पाटाच्या कपाटांना मात्र निःशंक रंग द्यावा. त्यांच्याजवळ लपवण्यासारखे काही नाही आणि दाखवण्यासारखेही काही नाही.

शेवटी उरतो घरातल्या माणसांच्या मनाचा प्रश्न, आणि तो लाकडाच्या प्रश्नाहून सोपा नसतो. वडील मंडळींना दार जसेच्या तसे हवे असते, कारण त्यावर त्यांच्या वडिलांचा हात फिरलेला असतो. नव्या मंडळींना अंधाऱ्या खोलीत उजेड हवा असतो, आणि गर्द लाकडाने खोली अधिक अंधारी वाटते हे त्यांचे म्हणणेही खोटे नसते. यातून तोड निघते ती बहुधा वाटणीने. कडीपाट फळ्यांचा आणि साधा असेल, तर तो पांढरा करावा; खोली उजळते. गणेशपट्टीची चौकट, खांब आणि मुख्य दार मात्र मूळ रूपात ठेवावे. पांढऱ्या छताखाली जुना साग अधिकच खुलून दिसतो. दोन्ही पक्षांना आपण जिंकलो असे वाटते, आणि घरात यापरता चांगला निकाल दुसरा नाही.

झाड जंगलात साठ-सत्तर वर्षे उभे राहते, मग त्याची तुळई होते. ती तुळई घरात आणखी शंभर वर्षे राहू शकते. एवढ्या दीर्घ आयुष्यात तिचा मालक पुनःपुन्हा बदलतो. प्रत्येकाच्या हाती ती काही काळ सोपवलेली असते. ज्याच्या हाती ती आज आहे, त्याने आपल्या सोयीप्रमाणे ती जरूर सजवावी. ऊन-पावसात तिला रंगाचे चिलखत द्यावे, घरात तिच्या रेषा उजळाव्यात, मुलांच्या जिवाला अपाय होईल असे काहीही करू नये. आणि निर्णय होत नसेल, तर तिला स्वच्छ पुसून, तेलाचा एक हात देऊन, पुढच्या दिवाळीपर्यंत तशीच राहू द्यावी. लाकडाला घाई नसते.